अंगठ्याचा सांधा दुखतो, तरी अनवाणी धावायचंय? साताऱ्यातल्या नव्या धावकांसाठी

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली आणि या गावाला पळायची गोडी लागली. पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला, चार भिंतीकडे, यवतेश्वरच्या घाटात आता सगळ्या वयाची माणसं दिसतात. त्यांतल्या चाळिशी-पन्नाशीच्या पुष्कळांची एक तक्रार सारखी कानावर येते. पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी दुखतं, बूट तिथेच दाबतो, उतारावर कळ येते. आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "बूट काढूनच पळालो तर?"

काहींनी जरूर पळावं, काहींनी मुळीच पळू नये. तुम्ही कोणत्या गटातले, हे अंगठ्याला नेमकं काय झालंय त्यावर ठरतं. अनवाणी धावणं हे औषध नव्हे. ती पाऊल हलकं टाकायला शिकवणारी एक पद्धत आहे आणि दुखऱ्या सांध्याला तिचा उपयोग कधी होतो, कधी अपायही होतो. म्हणून हा लेख पळण्यापासून सुरू होत नाही, तपासणीपासून होतो.

पायरी पहिली: सांधा समजून घ्या

अंगठा पावलाला जिथे जोडला जातो, चवड्याच्या आतल्या बाजूला, तिथला हा सांधा. नखाजवळचा छोटा सांधा वेगळा, त्याबद्दल आपण बोलत नाही. या मोठ्या सांध्याच्या खाली, स्नायूच्या दोरीत बसवलेली दोन छोटी हाडं असतात. त्यांना सेसमॉइड म्हणतात. उभं राहिलं की अंगठ्याकडचा भार त्यांच्यावरून जमिनीत जातो.

चालताना टाच उचलते तेव्हा अंगठा जमिनीवरच असतो आणि सांधा वरच्या दिशेला वाकतो. मोकळेपणाने चालायचं तर तो साधारण ६० अंश वाकावा लागतो. सांधा वाकला की तळपायाचा जाड पडदा ताणला जातो, पायाची कमान उचलली जाते आणि एरवी लवचीक असलेलं पाऊल क्षणभर टणक होतं. त्या टणकपणावरच आपण पुढे रेटा देतो. हिक्स नावाच्या इंग्रज शल्यविशारदाने १९५४ मध्ये ही यंत्रणा मांडली, आणि आजही पावलाचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

सांधा वाकेनासा झाला म्हणून माणूस चालायचं थांबत नाही. पाऊल बाहेर वळवतो, भार करंगळीच्या कडेला नेतो, किंवा दुसऱ्या बोटाच्या बुडावर टाकतो. त्यामुळे अंगठ्याचं दुखणं घेऊन आलेल्या माणसाला दुसऱ्या बोटाखाली घट्टा, घोट्याच्या बाहेरच्या बाजूला ओढ आणि कधी गुडघेदुखीही असते. तुमच्या पायावर असा घट्टा असेल तर त्याला कानशीने घासून विसरू नका. तुम्ही अंगठा चुकवून चालता आहात, याची ती खूण आहे.

पायरी दुसरी: दुखणं कोणतं, ते ठरवा

अंगठा दुखतो म्हटल्यावर किमान चार वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि चारींचा सल्ला वेगळा आहे.

पहिली, सांध्याची झीज. सांधा हळूहळू ताठर होतो, वरच्या बाजूला हाडाची गाठ वाढते, तिला बूट घासतो. पूर्ण ताठरलेल्या अवस्थेला डॉक्टर हॅलक्स रिजिडस म्हणतात. पावलातल्या संधिवातात हीच जागा सर्वांत जास्त वेळा सापडते. या माणसाला अंगठा वर वाकवला की सांध्याच्या वरच्या बाजूला दुखतं. उकिडवं बसताना, चढ चढताना, सूर्यनमस्कारात मागचा पाय चवड्यावर टेकताना कळ येते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ज्याचा इतका प्रसार केला तो सूर्यनमस्कार आपल्या जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे, तेव्हा ही चाचणी बहुतेकांची नकळत झालेलीच असते.

झिजेवरचा डॉक्टरांचा नेहमीचा सल्ला अनवाणी पळण्याच्या अगदी उलट आहे. कडक तळव्याचा, पुढून किंचित वर वळलेला बूट घाला, म्हणजे बूट पुढे लोळतो आणि अंगठ्याला वाकावं लागत नाही. हा सल्ला बरोबर आहे. सांधा बराच ताठरला असेल तर बूट काढणं म्हणजे त्याचा आधार काढून घेणं. झीज सुरुवातीची असेल आणि सांधा अजून बऱ्यापैकी वाकत असेल, तर थोडं, सपाट रस्त्यावर, खाली सांगितलेल्या पद्धतीने अनवाणी पळता येतं.

दुसरी, अंगठा आत झुकणं. अंगठा दुसऱ्या बोटाकडे कलतो आणि आतल्या कडेला हाड बाहेर येतं. याला बनियन म्हणतात. अनवाणीपणाचा सर्वांत जास्त फायदा याच लोकांना होतो, कारण त्यांचा मोठा शत्रू म्हणजे निमुळता बूट. बोटांना पसरायला जागा मिळाली की निम्मं दुखणं तिथेच कमी होऊ शकतं. मात्र आत झुकलेला अंगठा अनवाणी चालल्याने सरळ होतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दुखणं कमी होणं आणि हाड जागेवर येणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी, सेसमॉइडची सूज. दुखणं वरून नाही, खालून. बोटाने बरोबर दाखवता येतं, "इथेच, चवड्याखाली, खडा आहे असं वाटतं." या लोकांनी अनवाणी धावणं पूर्ण बंद ठेवावं. चवड्यावर उतरणं म्हणजे नेमक्या त्या दोन हाडांवर आदळणं. त्या हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते आणि ती भरून यायला महिने लागतात.

चौथी, गाऊट, म्हणजे रक्तातलं युरिक अॅसिड वाढून त्याचे स्फटिक सांध्यात साचल्याने येणारी सूज. रात्री झोपेत किंवा पहाटे एकदम ठणका लागतो, सांधा लालभडक, गरम, चादरसुद्धा लागू देत नाही. गाऊटचा पहिला झटका पुष्कळदा याच सांध्यात येतो. झटक्यात पळायचा विषयच नाही, डॉक्टरकडे जायचं. एक गोष्ट लक्षात ठेवा: ऐन झटक्यात केलेल्या रक्ततपासणीत युरिक अॅसिड कधी कधी नॉर्मल येतं. तेवढ्यावरून गाऊट नाही असं धरू नका, काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायला सांगतात ती करा. झटका पूर्ण ओसरला, औषध नीट चालू आहे, सांधा मोकळा वाकतो, मग पळण्याचा विचार. आणि लाल-गरम सांध्याबरोबर ताप असेल तर सांध्यात जंतुसंसर्गही असू शकतो. तेव्हा सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

डॉक्टरांकडे गेलात तर पायाचा एक्स-रे उभं राहून काढायचा का, हे आठवणीने विचारा. पडून काढलेल्या फोटोत सांध्यातली फट आणि अंगठ्याचा कल दोन्ही खऱ्यापेक्षा बरे दिसू शकतात.

याखेरीज ज्यांनी अनवाणी धावूच नये असा एक गट आहे: मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेले. त्यांना काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळल्यावर कळतं. घरच्या घरी एक सोपी चाचणी आहे. तुम्ही डोळे मिटून पडा. घरातल्या कुणीतरी दोन्ही पायांच्या अंगठा, मधलं बोट आणि करंगळी अशा सहा टोकांना बोटाने अलगद, एक-दोन सेकंद स्पर्श करावा, दाबू नये. कुठे स्पर्श झाला ते तुम्ही सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर अनवाणी धावण्याचा बेत सोडा आणि पाय डॉक्टरांना दाखवा. मधुमेह नसलेल्यांनीही ही चाचणी करावी. ब जीवनसत्त्व बाराची कमतरता शाकाहारी लोकांत बरीच असते आणि तीही पाय बधिर करते.

पायरी तिसरी: सांधा किती वाकतो, मोजा

खुर्चीत बसा, गुडघा काटकोनात, पाऊल फरशीवर सपाट. हाताने अंगठा वर उचला, जितका सहज येतो तितका. बाजूने मोबाइलवर फोटो काढा आणि दोन्ही पायांची तुलना करा. साधारण ६० अंशांपर्यंत विनातक्रार उचलला जात असेल तर वाकण्याची अडचण नाही. ३० अंशांच्या आतच अडत असेल, किंवा हाड हाडाला लागल्यासारखा कडक थांबा येत असेल, तर तुम्ही आधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला भेटा, बाकीचा लेख नंतर वाचा. मधे कुठेतरी असाल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

मग घोटा. भिंतीसमोर उभे राहा, अंगठ्याचं टोक भिंतीपासून १० सेंटीमीटरवर. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का? टेकत नसेल तर पोटरी आखडलेली आहे. आखडलेली पोटरी टाच लवकर उचलते आणि सगळा भार वेळेआधी चवड्यावर येऊन पडतो. माझ्या मते अंगठ्याच्या दुखण्याइतकंच लक्ष इथे द्यायला हवं आणि तेच बहुतेक जण देत नाहीत.

पायरी चौथी: अनवाणीपणाकडून काय मिळतं, काय मागू नये

हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं की लहानपणापासून अनवाणी धावणारी माणसं बहुधा चवड्यावर किंवा पावलाच्या मध्यावर उतरतात आणि टाचेवर उतरताना बसणारा तो सुरुवातीचा तीव्र धक्का त्यांच्यात दिसत नाही. जगभर अनवाणी धावण्याची लाट आली ती त्यानंतर. पण धक्का नाहीसा होत नाही, जागा बदलतो. टाच आणि गुडघ्यावरचा ताण पोटरीवर, टाचेच्या मागच्या दोरीवर आणि चवड्याच्या हाडांवर जातो. आपला दुखरा सांधा तिथेच आहे.

२०१३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात नेहमी बुटात धावणाऱ्यांना १० आठवड्यांत पातळ, पाच बोटांच्या पादत्राणाकडे वळवलं. एमआरआय केल्यावर त्यांतल्या १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत ताणाची सूज वाढलेली दिसली. १० आठवडे आपल्याला भरपूर वाटतात, हाडाला वाटत नाहीत. स्नायू आठवड्यांत तयार होतात, हाडं महिन्यांत. खालचा कार्यक्रम संथ आहे तो यासाठीच.

अबेबे बिकिलाने १९६० मध्ये रोमची ऑलिम्पिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली हे सगळे सांगतात. चार वर्षांनी टोकियोला तोच माणूस बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला. ज्या दिवशी पायाला जे हवं ते द्यावं, एवढंच मी त्यातून घेतो. माण-खटावकडच्या शाळांच्या मैदानांवर अनवाणी सुसाट पळणारी पोरं बघून आपण चटकन ठरवतो की हे तर नैसर्गिकच आहे. त्या पोरांचे पाय जन्मापासून घडत आलेले आहेत. तीस वर्षं ऑफिसच्या बुटात राहिलेल्या पायाला तो हिशेब लागू नाही.

पायरी पाचवी: पळायची पद्धत

दुखऱ्या अंगठ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे: जमिनीला मागे रेटू नका, पाऊल उचला.

बुटात आपण लांब ढांग टाकतो आणि शेवटी अंगठ्याने जमीन मागे ढकलतो. सांधा सर्वांत जास्त वाकतो तो त्या शेवटच्या क्षणी. ढांग आखूड ठेवली, पाऊल शरीराच्या खालीच टेकलं आणि ढकलण्याआधीच गुडघ्यातून उचललं, तर सांध्याला तितकं वाकावं लागत नाही. अनवाणी पायाला हे शिकवावं लागत नाही. डांबरावर तळवा रेटला की कातडी भाजल्यासारखी होते आणि पाय आपोआप उचलायला लागतो. बुटात ही समज येत नाही, म्हणूनच दोनशे मीटर अनवाणी पळण्याला किंमत आहे.

पावलं मिनिटाला १७०-१८० च्या आसपास पडू द्या. मोजायला सोपं: उजवा पाय अर्ध्या मिनिटात ४३ ते ४५ वेळा. तुमची नेहमीची लय यापेक्षा फार कमी असेल तर एकदम उडी मारू नका, थोडी थोडी वाढवा. चवड्याची बाहेरची कडा आधी टेकते, मग पूर्ण चवडा, मग टाचही जमिनीला लागू द्या. टाच हवेत धरून बॅले नाचल्यासारखं पळणारे नवखे पुष्कळ दिसतात. पोटरी आणि सेसमॉइड दोन्ही त्यात संपतात. बोटं आवळू नका. अंगठा सैल, पसरलेला.

आणि अंगठा चुकवायचाही नाही. दुखेल या भीतीने पाऊल बाहेर फिरवून करंगळीच्या कडेवर पळाल तर महिन्याभरात दुसरंच दुखणं उभं राहील. ओल्या पायांनी फरशीवर चालून ठसा बघा: अंगठ्याचा ठसा दोन्ही पायांचा सारखा उमटायला हवा.

पायरी सहावी: जागा

नवख्याला वाटतं, गवतावर सुरुवात करावी, मऊ आहे. मी उलट सांगेन. गवतात काच, तार, सराटे आणि खड्डे लपतात, आणि मऊ जमीन तुम्ही किती जोरात आपटताय ते कळू देत नाही. गुळगुळीत, स्वच्छ डांबर किंवा सिमेंटचा रस्ता शिकायला चांगला. तो चूक लगेच सांगतो. नदीकाठची वाळू अंगठ्याच्या झिजेला सर्वांत वाईट, कारण प्रत्येक पावलाला अंगठा रुततो आणि सांधा हवा त्याहून जास्त वाकतो. संगम माहुलीला गेलात तर घाटावर बसा, कृष्णा-वेण्णेचा संगम बघा, वाळूत पळू नका.

साताऱ्यात सपाट जागा शोधणं हेच एक काम आहे. शाहू स्टेडियमचा परिसर, कॉलनीतले कमी वर्दळीचे सिमेंटचे रस्ते, एखाद्या शाळेचं मोकळं मैदान, यांपैकी घराजवळचं निवडा आणि पहिले तीन महिने तिथेच राहा. पळण्याआधी तोच पट्टा एकदा चालत जा, खडी-काच बाजूला करा. खडी उघडी पडलेला जुना रस्ता टाळा. कास पठारावर अनवाणी किंवा कसंही फुलांतून पळायचं नाही, ते जागतिक वारशातलं ठिकाण आहे आणि तिथल्या मातीचा थर वीतभरही नाही.

उन्हाळ्यात डांबर सकाळी आठनंतरच चटके द्यायला लागतं, तेव्हा पहाटच धरा. पण अंधारात अनवाणी नको.

पायरी सातवी: पहिले तीन महिने

पहिले दोन आठवडे पळायचं नाही. एक दिवसाआड १० ते १५ मिनिटं स्वच्छ रस्त्यावर अनवाणी चालायचं. "घरात तर रोज अनवाणीच असतो" हे खरं, पण फरशी वेगळी आणि रस्ता वेगळा.

इथे झिजेच्या लोकांसाठी एक सूचना, जी आपल्या घरांत कुणी पाळत नाही. सांधा झिजलेल्या माणसाने दिवसभर घरात अनवाणी फिरणं टाळावं. पादत्राणं दाराशी काढायची आपली पद्धत मोडायची गरज नाही. घरात वापरायला वेगळी, जरा कडक तळव्याची चप्पल ठेवा. ओट्यापाशी तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या बायकांना तर याचा फार उपयोग होतो. दिवसभर सांध्याला विश्रांती मिळाली तर आठवड्यातली ती दहा मिनिटं तो सोसेल.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात चालता चालता अर्धा मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. असं सहा वेळा. आठवड्यातून दोनदाच, लागोपाठ दोन दिवस कधीच नाही. पाचव्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत पळण्याचा तुकडा एक मिनिटावर, मग दोन मिनिटांवर न्या, एकूण अनवाणी पळणं एका किलोमीटरच्या आत. नवव्यापासून बाराव्यापर्यंत ते दोन किलोमीटरच्या पुढे जाऊ देऊ नका. बाकीचं तुमचं नेहमीचं पळणं बुटात चालू ठेवा, फक्त अनवाणी भाग सुरुवातीला करा, पाय ताजे असताना. दमलेला पाय आपटतो.

नवरात्रात अनवाणी राहणाऱ्यांनी ते नऊ दिवस या हिशेबात धरावेत. दिवसभर अनवाणी राहून वर पळणं नको. त्या काळात पळण्याला सुट्टी द्या किंवा फक्त चाला.

पायरी आठवी: दुसऱ्या दिवशीची सकाळ

पळताना अंगठा काय म्हणतो यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या पावलाला काय म्हणतो ते महत्त्वाचं. पळताना शरीर गरम असतं, कळ झाकली जाते. सकाळी सांधा नेहमीसारखाच असेल तर कार्यक्रम पुढे न्या. नेहमीपेक्षा जास्त आखडलेला असेल पण चहा होईपर्यंत मोकळा होत असेल, तर पुढच्या वेळी तेवढंच करा, वाढवू नका. दुपारपर्यंत दुखत राहिला, सुजला किंवा लंगडावं लागलं, तर आठवडाभर अनवाणी पळणं बंद आणि परत येताना कार्यक्रमात दोन टप्पे मागून सुरुवात. एक छोटी वही ठेवा आणि रोज सकाळी एकच शब्द लिहा: तसाच, जास्त, किंवा कमी. महिन्याने ती वही तुमच्या डॉक्टरांना कोणत्याही वर्णनापेक्षा जास्त सांगेल.

पावलाच्या वरच्या बाजूला एका बिंदूवर बोट ठेवलं की तीव्र दुखतं आणि रात्री पडल्यावरही ठणकतं, असं झालं तर हाडाला चीर गेल्याचा संशय धरा. अशा वेळी तेल चोळू नका, शेकू नका, पळणं थांबवा आणि दाखवा. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ही चीर पुष्कळदा दिसत नाही, म्हणून फोटो स्वच्छ आला तरी दुखणं कायम असेल तर पुन्हा जा.

वेदनाशामक गोळी घेऊन पळायला निघणं तर नकोच. जो सांधा बोलतोय त्याचंच तोंड बंद करून कसं चालेल?

रोजचे व्यायाम

अंगठा एकटा वर उचला, बाकीची चार बोटं जमिनीवर. मग उलट, चार बोटं वर आणि अंगठा जमिनीवर. पहिल्यांदा कुणालाच जमत नाही. हाताने मदत करा, दोन-तीन आठवड्यांत जमू लागतं. उभं राहून बोटं न आवळता चवडा आणि टाच एकमेकांकडे ओढून कमान किंचित उचलायची, पाच सेकंद धरायची, दहा वेळा. पोटरीसाठी भिंतीला हात लावून मागचा गुडघा सरळ ठेवून अर्धा मिनिट ताण, मग गुडघा वाकवून अर्धा मिनिट.

आखडलेल्या सांध्यासाठी: एका हाताने सांध्यामागचं हाड पक्कं धरा, दुसऱ्या हाताने अंगठा हलकेच सरळ पुढे ओढा आणि ओढलेलाच ठेवून वर-खाली थोडा हलवा. दुखेल तिथवर नाही, त्याच्या अलीकडे. आंघोळीनंतर, पाय गरम असताना केलं तर जास्त मोकळं वाटतं. झीज असलेल्यांनी चवड्यावर उंच उठण्याचे व्यायाम करू नयेत. टाच दोन बोटं उचलली तरी पोटरीला पुरतं.

कातडी, पाऊस आणि बाकीच्या दिवसाचे बूट

धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांच्या आत झालंय का, ते बघा. पळून आल्यावर पाय साबणाने धुऊन उजेडात तळवा नीट तपासा. सराट्याचं टोक मोडून आत राहतं आणि दोन दिवसांनी पिकतं. टाचेच्या भेगा खोल असतील तर त्या भरेपर्यंत थांबा.

साताऱ्याचा पाऊस अनवाणी पायाला सोसत नाही. ओली कातडी मऊ पडते, सोलते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. साचलेल्या पाण्यातून जखमी पायाने जाण्यात लेप्टोची भीती असते. आणि जिथे उघड्यावर शौचाला जातात तिथल्या ओल्या मातीतून अंकुशकृमी कातडीवाटे शरीरात शिरतात. जून ते सप्टेंबर मी लोकांना सांगतो की अनवाणी पळणं बंद ठेवा, घरात व्यायाम चालू ठेवा.

दिवसभर काय घालता, तेही तपासा. कागदावर उभे राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवा, त्यावर बूट ठेवा. बोटांच्या जागी बूट रेषेच्या आत येत असेल तर तो बूट अंगठ्याला रोज आठ तास दाबतो आहे. कोल्हापुरी चपलेत बोटं मोकळी राहतात, पण तिचा अंगठा घट्ट असेल तर बनियनवाल्यांना तो नेमका नको तिथे काचतो. घेताना संध्याकाळी घ्या, पाय किंचित सुजलेले असतात.

घाटाचं काय?

हिल मॅरेथॉनचं स्वप्न बघणाऱ्या प्रत्येकाचा शेवटी हाच प्रश्न असतो. २१ किलोमीटरच्या त्या वाटेत आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेने उतरायचं. चढावर टाच जमिनीला पूर्ण लागत नाही, प्रत्येक पाऊल चवड्यावर आणि अंगठा जास्त वाकलेला. म्हणजे झिजलेल्या सांध्यासाठी चढ हाच कठीण भाग, तोही अनवाणी तर दुप्पट कठीण. उतारावर वेगळं दुखणं: बुटात पाय पुढे सरकतो आणि अंगठा टोकाला आपटतो.

म्हणून झीज असलेल्यांनी घाट बुटातच करावा, कडक आणि पुढून वळलेल्या तळव्याच्या. तीव्र चढाला न लाजता चालावं, पाऊल सपाट टाकून, ढांग आखूड. उतरण्याआधी घोट्याजवळची नाडी घट्ट बांधावी म्हणजे टाच मागेच राहते, नखं आदल्या दिवशी कापावीत. बनियनवाल्यांनी रुंद पुढच्या भागाचा बूट निवडावा आणि शर्यतीआधी किमान महिनाभर तोच वापरावा. सपाटीवर दोनशे-चारशे मीटर अनवाणी पळून जी आखूड, हलकी पावलं तुम्ही शिकलात ती या बुटांतही टाकता येतात, आणि उतारावर त्यांचाच सर्वांत जास्त उपयोग होतो. अनवाणीच घाट करायची कुणाला फार इच्छा असेल, तर सांधा ६० अंश वाकतो, सकाळच्या वहीत तीन महिने "जास्त" लिहिलेलं नाही आणि हिवाळ्यातला कोरडा रस्ता आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्यावर एखाद्या रविवारी घाटाचा पहिला वळणापर्यंतचाच तुकडा चढून बघा. उतरताना घालायला बूट पाठीवरच्या पिशवीत ठेवा.